मला मोठा फ्लॅट नको : पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद,
पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या पुण्यातील सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : करारात कमी क्षेत्रफळाचा पर्याय ठेवणे, आणि घरे रिकामी करण्याआधी उरकायचे एक काम

स. न. वि. वि.

हे पत्र मी आधी फक्त आमच्या समितीला देणार होते. लिहायला बसल्यावर लक्षात आले की वरचे नाव बदलले तर ते कोथरूडला माझ्या नणंदेच्या सोसायटीला लागू पडेल, सहकारनगरच्या मावसबहिणीच्याही. सगळीकडे एकच चालले आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारती पाडायच्या आहेत, विकसक दारात उभे आहेत आणि सभेला येणाऱ्यांत निम्म्यांहून अधिक लोकांचे केस पांढरे आहेत. उरलेल्यांतले काही रंगवलेले. म्हणून म्हटले, उघडच लिहावे.

आधी एक खुलासा, नाहीतर पुढचे वाचायच्या आतच माझे नाव विरोधकांच्या यादीत जाईल. माझा पुनर्विकासाला विरोध नाही. मी ७२ वर्षांची आहे, दुसऱ्या मजल्यावर राहते, उजवा गुडघा कुरकुरतो आणि भाजीची पिशवी वर नेताना पहिल्या मजल्याच्या वळणावर मला थांबावे लागते. मला लिफ्ट हवी आहे. बाथरूममध्ये पाय न घसरणारी फरशी हवी आहे. ४ जुलै २०१९ च्या शासकीय निर्देशांनुसार ५१ टक्के संमती पुरते. आमच्याकडे ती त्याहून पुष्कळ जास्त झाली, त्यात माझीही सही आहे.

माझे म्हणणे वेगळे आहे. मला मोठा फ्लॅट नको. आत्ता आहे त्याहून लहान हवा.

गेल्या सभेत हे बोलले तेव्हा आधी कोणाला कळलेच नाही, मग हशा पिकला. एका सभासदांनी माइकवरून 'काकूंचा वाटा आम्हाला द्या' म्हटले आणि चर्चेची गाडी पार्किंगच्या मुद्द्यावर गेली. विनोद चांगला होता, माझी तक्रार नाही. पण नंतर जिन्यात दोघी-तिघींनी हात धरून सांगितले, 'तुम्ही बोललात ते बरोबर होतं, मलाही एवढं झेपत नाही हो.' सभेत मात्र त्या गप्प बसल्या होत्या. शेजारी मुलगा बसला होता, जावई बसला होता.

गेले वर्षभर आपण एकाच आकड्याभोवती फिरतो आहोत. एक विकसक २५ टक्के जादा कार्पेट, म्हणजे घराच्या आतले वापरायचे क्षेत्रफळ, देतो, दुसरा ३२ म्हणतो, तिसरा ३५ म्हणतो पण कॉर्पस, म्हणजे सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम, खाली आणतो. आपण कॅल्क्युलेटर काढून भांडतो. ज्यांच्या घरात आज दोनच माणसे आहेत, किंवा माझ्यासारखे एकच, ते तिसऱ्या बेडरूमसाठी भांडतात. का, असे विचारले की तीन उत्तरे येतात.

पहिले : फुकट मिळतेय तर घ्यावे. मी बँकेत नोकरी केली, फुकट या शब्दाकडे मी जरा तिरक्या नजरेनेच बघते. मालमत्ता कर क्षेत्रफळावर असतो. फरशी पुसायला येणाऱ्या मावशी खोल्यांवर पैसे ठरवतात. पडदे, पंखे, एसी, ट्यूब, रंग, खिडक्यांच्या जाळ्या, हे सगळे त्या जादा खोलीलाही लागते आणि ते विकसक देत नाही. शिवाय रिकामी खोली रिकामी राहिल्याचे निदान मी तरी पाहिलेले नाही. आधी त्यात इस्त्रीचे टेबल जाते, मग कोणाचा तरी जुना कॉम्प्युटर, मग कोपऱ्यात खोकी, आणि वर्षभरात तिचे दार लोटून ठेवावे लागते.

दुसरे : विकताना किंमत येईल. येईल. पण विकणार कोण? मी तर नाही, मला राहायचे आहे.

तिसरे उत्तर सगळ्यांत भारी, मुलांसाठी. माझा मुलगा बंगळूरला असतो, मुलगी मेलबर्नला. दोघेही गुणी आहेत, दोघांचीही स्वतःची घरे आहेत आणि दोघांनाही माझ्या शिसवी दिवाणाचे काडीचेही कौतुक नाही. मुलगा म्हणाला, 'आई, दिवाणाचं काय करायचं ते कर, फक्त मला फोटो पाठवून विचारू नकोस.' मला आधी झोंबले. नंतर वाटले, पोरगा खरे बोलला. आपण 'मुलांसाठी' म्हणून जे ठेवतो त्यातले किती मुलांनी मागितलेले असते? तुमच्या घरी एकदा विचारून बघा. विचारताना आवाजात रडे आणू नका, म्हणजे उत्तर खरे मिळेल.

आता माझी मागणी. जे सभासद आपल्या हक्कापेक्षा कमी क्षेत्रफळ घ्यायला तयार असतील त्यांना तसा पर्याय द्या आणि फरकाची रक्कम त्यांना कॉर्पसबरोबर मिळावी असे कलम पर्यायी जागेच्या करारात घाला. सोडलेली जागा विकसक बाजारभावाने विकणार आहे, त्याचे नुकसान नाही. रकमेवर कर कसा बसेल ते सीएला विचारूनच ठरवावे लागेल, ते मी गृहीत धरले आहे. मला त्या पैशातून दिवसभराची मदतनीस ठेवता येईल. पंच्याहत्तरीनंतर मला तिसऱ्या खोलीपेक्षा तिची गरज जास्त पडणार आहे.

हे आत्ताच बोलायचे कारण असे की नकाशे अजून मंजूर व्हायचे आहेत. एकदा आर्किटेक्टने सगळे मजले दोन आणि तीन बेडरूमचे आखले आणि महापालिकेकडून ते मंजूर होऊन आले, की 'काकू, आता उशीर झाला' हे वाक्य मला ऐकू येणार. ते वाक्य पुढे माझ्यावर पुष्कळ ठिकाणी वापरले जाईल. इथे तरी नको.

तरुण सभासदांना एक गोष्ट सांगायला हवी. ते आमच्या माळ्यांकडे बघून हसतात, आम्ही हौसेने साठवले असे त्यांना वाटते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी आठ वर्षांची होते. आमचे बिऱ्हाड नारायण पेठेत नदीच्या अंगाला, तळमजल्यावर दोन खोल्यांत. आम्ही जीव घेऊन वर पळालो. पाणी ओसरल्यावर खाली आलो तर खोल्यांत गुडघाभर चिखल आणि त्यात कोणाकोणाच्या घरातल्या वस्तू. आमच्या म्हणाव्यात अशा फार थोड्या. पाटा जागेवर होता, वरवंटा नव्हता. आई तो वरवंटा कितीतरी दिवस शोधत होती. नवा सहज मिळाला असता, पण ती शोधत राहिली.

त्यानंतर तिने आयुष्यात काही टाकले नाही. औषधाच्या बाटल्या, सुतळीचे तुकडे, पत्र्याचे डबे, लग्नपत्रिकांचे कोरे मागचे अंग. मग ७२ चा दुष्काळ आला, रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, आली, रॉकेलच्या रांगा आल्या. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे, टेलिफोनसाठीही तेच. 'अडीअडचणीला लागेल' हे त्या घरांतले शहाणपण होते आणि ते खरोखर लागायचेही. माझ्या पिढीने ते शहाणपण पुढे चालवले, एवढेच, की मधल्या काळात पगार वाढले, बाजार भरला आणि अडचणी बदलल्या. आता अडचण येते ती माळ्यावर चढताना. स्टुलावरून पडून खुब्याचे हाड मोडलेल्या ज्या बायका मी पाहिल्या त्यातली एक चकलीचा सोऱ्या काढायला चढली होती. सोऱ्या सापडलाच नाही.

माळा उपसायला मी गेल्या उन्हाळ्यात सुरुवात केली. सगळे सांगत बसत नाही, एका वस्तूचे सांगते. पितळी परात. काठाच्या आतल्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी माझे माहेरचे नाव, पुढे 'हिस मामांकडून' आणि खाली १९.५.७७. भांडेवाल्याच्या दुकानात ते टोकदार यंत्र किर्र करत फिरायचे आणि नाव घालायचे पैसे अक्षरांवर घेत, म्हणून मामाने 'सप्रेम भेट' गाळले असे आई हसून सांगायची. परात एवढी जड की दोन्ही हातांनी उचलावी लागे. माझ्या लग्नानंतर सासरच्या घरात तेरा माणसे जेवायची, तेव्हा तिच्यात दोन वेळची कणीक भिजायची. आता मी दोन पोळ्यांपुरती कणीक एका वाटीत भिजवते.

कसबा पेठेत तांबट आळीत घेऊन गेले. दुकानदाराने परात उलटी केली, टिचकी मारली, तराजूत टाकली आणि मोडीचा भाव सांगितला. भाव रास्त होता, पण माझ्या तोंडून 'नको' निघाले आणि रिक्षाचे पैसे फुकट गेले. मग ती बरेच दिवस जेवणाच्या टेबलावर पडून राहिली, कारण पुन्हा माळ्यावर चढवायची नाही एवढे मी ठरवले होते. शेवटी मागच्या गल्लीत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईंनी ती नेली. त्यांना मोठी परात हवीच होती. त्यांनी नाव वाचले नाही, आणि ते बरे झाले, नाहीतर मला सगळी गोष्ट सांगावी लागली असती आणि त्यांच्या पोळ्या राहिल्या असत्या.

हे सांगितले ते एवढ्यासाठी : एका परातीला इतका खटाटोप. आमच्या घरात अशा वस्तू किती असतील त्याचा हिशोब तुम्ही करा. फेकायला वेळ लागत नाही, मार्गी लावायला लागतो. त्याला हात लागतात, वाहन लागते, कोण काय घेते याची माहिती लागते आणि सोबत कोणीतरी लागते, जे 'आजी, हे ठेवायचं का?' असे एकदाच विचारेल, तीनदा नाही. म्हणून माझी दुसरी मागणी अशी, की हे काम प्रत्येक घराने आपापले करावे असे न म्हणता सोसायटीने अंगावर घ्यावे.

आत्ता काय होते ते मी मावसबहिणीकडे पाहिले. घर खाली करायची नोटीस आली की शेवटच्या आठवड्यात पॅकर्सवाले येतात. ती चार पोरे हात चालवत जे दिसेल ते खोक्यात भरतात. डस्टबिनसुद्धा कचऱ्यासकट पॅक करून आणलेली तिने मला दाखवली. मग ही खोकी ठेवायची म्हणून भाड्याचे घर मोठे बघायचे. विकसक भाडे देतो, त्यात वरून आपले घालायचे, म्हणजे नवी इमारत होईपर्यंत तीन वर्षे आपण आपल्या माळ्याचेच भाडे भरत असतो. त्या भाड्याच्या घरात तिने बरीच खोकी उघडलीच नाहीत. तीन वर्षांत ज्याची आठवण आली नाही ते नव्या घरात परत नेणार, आणि नव्या घरात त्यासाठी पुन्हा माळा करून घेणार. सुताराने अंदाजपत्रक दिलेसुद्धा आहे.

त्याऐवजी नोटिशीच्या दोन-तीन महिने आधी, पार्किंगच्या एका कोपऱ्यात टेबल मांडा. तरुण सभासदांपैकी काहींनी रविवारची सकाळ द्यावी. वस्तू खाली आणून द्यायला एक माणूस रोजाने लावा. काय कुठे जाते याची यादी फार अवघड नाही. तांबे-पितळ तांबट आळीत किंवा मोडीत. लाकडी फर्निचर, घड्याळे, कुलपे, ग्रामोफोनच्या तबकड्या यांचा जुन्या बाजारातल्या माणसाला भाव कळतो. बुधवारी आणि रविवारी बाजार भरतो, त्याला इथेच बोलावता येईल. कागद-काच-पत्र्यासाठी आपल्याकडे रोज येणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई आहेत. पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, हे काम त्या आपल्यापेक्षा चांगले जाणतात. फक्त एकदम ट्रकभर अंगावर टाकू नका, आधी त्यांच्याशी बोला. मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचे थर्मामीटर, इन्शुलिनच्या सुया यांना २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा म्हटले होते, ते वेगळे बांधून द्यायचे असते. आमच्या पिढीच्या प्रत्येक घरात एक अख्खा डबा निघेल याची मी खात्री देते. वॉकर, कमोडची खुर्ची, एअरबेड रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या केंद्रांना हवे असते. माझ्या मिस्टरांचा वॉकर मी दिला तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी कोणाकडे तरी गेला होता.

पुस्तकांचे मात्र कठीण आहे. वाचनालयांना तीच कादंबरी चौथ्यांदा नको असते आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे तर कोणालाच नको असतात. जी वाचली आणि परत वाचणार नाही ती रद्दीत द्यायला हरकत नाही, असे मत मी मोठ्या कष्टाने बनवले आहे. अपवाद एक : मोडी लिपीतले कागद, जुना पत्रव्यवहार, वतनाची दप्तरे असे काही निघाले तर रद्दीवाल्याच्या आधी भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा. इतिहासकार वि. का. राजवाडे असेच घरोघरचे कागद धुंडाळत फिरले आणि १९१० मध्ये त्यांनी हे मंडळ उभे केले. भांड्यांच्या बाबतीत मात्र फार आशा धरू नका. प्रत्येकाला वाटते आपला अडकित्ता केळकर संग्रहालयात जाईल. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे जमवण्यात आयुष्य घातले आणि अखेर तो सगळा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्याकडे अडकित्त्यांना तोटा नाही.

एक विनंती, जरा रागानेच करते. 'कामवाल्या बाईंना देऊन टाका' हे बंद करा. कापूस गोळा झालेली गादी, कळकट पडदे, बंद पडलेला मिक्सर हे ज्यांच्या घरी द्यायचे म्हणता त्यांची खोली दहा बाय बाराची असते आणि तिथे पाच माणसे झोपतात. त्या नाही म्हणू शकत नाहीत, कारण उद्या पुन्हा तुमच्याकडे यायचे असते. मग ते ओझे त्या रिक्षाने नेतात आणि वाटेत टाकतात. चांगली, चालू वस्तू असेल तर आधी विचारा, आणि हो म्हणाल्या तर घरपोच करा.

अपरिग्रहावर प्रवचन देण्याचा माझा विचार नाही. पेन्शन चालू असलेल्या बाईने साधेपणाचे गोडवे गाणे सोपे असते. आणि हल्ली पांढरी भिंत, एक कुंडी, एक खुर्ची अशी जी घरे दाखवतात, ती तशी दिसण्यासाठी आधी सगळे जुने टाकून नवे विकत घ्यावे लागते, तेही मला जमणार नाही. माझी स्टीलची ताटे चाळीस वर्षांची आहेत आणि तीच राहतील, फक्त चोवीसची चार झाली. संक्रांतीच्या वाणाची प्लॅस्टिकची वाटी आणि ओटीचा ब्लाऊजपीस हे प्रकरण मात्र आपल्या महिला मंडळाने एकदा हातात घ्यावे. एकच ब्लाऊजपीस या इमारतीतून फिरत फिरत माझ्याकडे परत आलेला आहे. कोपऱ्यातला शाईचा डाग मी ओळखला.

कागदपत्रांविषयी थोडे अधिक, कारण तो माझा जुना धंदा. घर रिकामे करताना सगळ्यांत जड असते ते कपाटाचे लॉकर, आणि त्यात सोने थोडे, कागदच फार. बंद पडलेल्या बँकांची पासबुके, कागदी शेअर सर्टिफिकेटे, पाच ठिकाणच्या मुदतठेवी. तुकोबांनी आपल्या वाट्याची सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली असे आपण मोठ्या भक्तीने सांगतो. तुम्ही काही बुडवू नका, नदीत आधीच पुष्कळ आहे. पण खाती कमी करा. काउंटरच्या आतून मी पाहिले आहे, म्हाताऱ्या माणसाची सात खाती असली की त्यातली दोन त्याच्याबरोबर विस्मरणात जातात. दहा वर्षे हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती शोधायला २०२३ पासून 'उद्गम' नावाचे पोर्टल आहे, पण वारसाला निदान शोधायचे आहे हे तरी ठाऊक हवे. कागदी शेअर १ एप्रिल २०१९ पासून कोणाच्या नावे हस्तांतरित करता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. हे तुमच्या हयातीत, तुमच्या सहीने होते तेव्हा पंधरा मिनिटांचे फॉर्म असतात. नंतर वारसदाखल्यापासून सुरुवात होते.

सोसायटीच्या नामनिर्देशनाच्या नोंदवहीकडेही समितीने एकदा बघावे. आमच्या नोंदवहीत काही फ्लॅटना नॉमिनी म्हणून ज्यांची नावे आहेत ती माणसे सभासदाच्या आधी गेली आहेत. आणि नॉमिनी केला म्हणजे मालकी ठरली असे समजू नका, नॉमिनी हा सांभाळणारा. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. बँक खात्याला नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात म्हणून काही जण खूश आहेत. त्यापेक्षा मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक आहे. पुनर्विकासाचा करार करण्याच्या आधी प्रत्येक ज्येष्ठ सभासदाचे नामनिर्देशन आणि मृत्युपत्र हे दोन कागद झाले तर तीन वर्षांनी चावी कोणाच्या हातात द्यायची यावरून समितीला कोर्टात उभे राहावे लागणार नाही. तीन वर्षांत आमच्यातले काही जण नसतील, हे आपण सभेत बोलत नाही, पण वय मोजायला सगळ्यांना येते. एका रविवारी वकील आणि बँकेतला कोणी निवृत्त माणूस खाली बसवा. निवृत्त माणूस म्हणून मी फुकट बसेन.

नव्या इमारतीबद्दल थोडक्यात. जिम आणि छतावरच्या बागेला मी हरकत घेणार नाही. पण महारेराने, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामक प्राधिकरणाने, मे २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. दरवाजा ९०० मिलिमीटरपेक्षा अरुंद नको, बाथरूममध्ये धरायला दांडा हवा, फरशी न घसरणारी हवी, असे त्यात आहे. आपला प्रकल्प ज्येष्ठांचा म्हणून नोंदलेला नसला तरी राहणारे ज्येष्ठच आहेत, तेव्हा त्या गोष्टी आपल्या करारात उतरवून घ्यायला कोणी अडवलेले नाही. चाकाची खुर्ची आत जात नसेल तर ३५ टक्के जादा कार्पेट ही गंमतच झाली.

आणि तळमजल्यावर सोसायटीची एक पाहुण्यांची खोली असावी. आमची मुले वर्षातून एकदा येतात, तेवढ्यासाठी प्रत्येक घराने एक बेडरूम बारा महिने झाडायची हे मला पटत नाही. त्याच्या शेजारी एक लहान खोली, ज्यात शिडी, ड्रिल, मोठी पातेली, जादा खुर्च्या, एक चाकाची खुर्ची, दोन वॉकर असे सगळ्यांचे मिळून राहील. वहीत सही करून न्यायचे, परत आणून ठेवायचे. कोणीतरी म्हणेलच की लोक परत आणणार नाहीत. ज्या वाड्यात मी वाढले तिथे एकच पंचपात्री, एकच मोठे जाते आणि एकच शिडी सगळ्या बिऱ्हाडांत फिरायची. भांडणे व्हायची, खोटे कशाला बोलू. शिडी मात्र परत यायची.

लहान घरात मी काय करणार, असे माझी जाऊ मला विचारते. राहणार. एक झोपायची खोली, स्वयंपाकघर, बसायला जागा, एक बाल्कनी. सगळे उभ्या उभ्या हाताला येईल अशा उंचीवर. माळा नको, हे आर्किटेक्टला लेखी सांगणार आहे, कारण तोंडी सांगितले तर तो 'काकू, असू दे, उपयोगी पडतो' म्हणेल. दिवाण जुन्या बाजारात जाईल. शिलाई मशीन मी ठेवणार, ते अजून चालते आणि मीही चालवते. फोटोंच्या सहा अल्बममधून एक होतो आहे, ते काम सगळ्यांत हळू चालले आहे आणि त्याची घाई करायचा माझा इरादा नाही.

तर समितीला प्रत्यक्ष मागणे एवढेच. पुढच्या महिन्यात आर्किटेक्ट पसंतीचा फॉर्म वाटणार आहे. त्यात सध्या दोन रकाने आहेत, 'करारानुसार क्षेत्रफळ' आणि 'जादा क्षेत्रफळ विकत घ्यायचे आहे'. तिसरा रकाना घाला, 'कमी क्षेत्रफळ हवे आहे'. फॉर्म बंद पाकिटात घ्या, म्हणजे जिन्यात बोलणाऱ्यांना लिहिता येईल. किती निघतात ते बघू. माझे एकटीचेच निघाले तर मी पुढे बोलणार नाही, पण नकाशात माझ्यापुरता एक लहान फ्लॅट काढायला सांगेन.

बाकी मुद्दे सभेत बोलेन. या वेळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलांऐवजी पाठ असलेल्या खुर्च्या मांडाव्यात, आणि माइक मागच्या रांगेपर्यंत फिरवावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची एक सभासद